एक्सल दुरुस्त करायचा का बदलायचा? (आणि कृपया खोलून गोणीत आणू नका)

"एक्सल हाच करून घेऊ का दुसरा टाकू?" हे रोज कुणी ना कुणी फोनवर विचारतं, आणि आम्ही फोनवर सांगत नाही म्हणून काही मंडळी नाराज होतात. म्हणून हे एकदा नीट लिहून गॅरेजच्या काउंटरवर ठेवलंय, व्हॉट्सअॅपवरपण पाठवतो. थार, बोलेरो, जिप्सी, जुनी कमांडर, आर्मडा, सगळ्यांच्या मागच्या एक्सलला (दोन चाकांना जोडणारा आणि त्यांना फिरवणारा भाग) हे लागू आहे, आणि ज्यांचा पुढचापण अखंड एक्सल आहे (जिप्सी, जुन्या जीपा) त्यांना पुढच्यालापण.

सगळ्यात आधी गोणीचं. मागच्या पावसाळ्यात पाटणकडचे एक काका आले, एक्सल घरीच खोललेला, डिझेलने चकाचक धुतलेला, आणि सगळे पार्ट खताच्या गोणीत. त्यांना वाटलं आमचा वेळ वाचेल. झालं उलटं, दोन दिवसांच्या कामाला सहा दिवस लागले. कारण पिनियनमागच्या (एक्सलमधला छोटा गिअर) आणि बेअरिंगखालच्या शिम्स, म्हणजे पातळ चकत्या, सगळ्या एकत्र झालेल्या, कुठली कुठली कळेना. ही शिम कागदाएवढी पातळ असते पण क्राऊन (पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा गिअर) आणि पिनियनचे दात एकमेकांवर कुठं बसणार ते तीच ठरवते, आणि जुनी शिम मोजूनच आम्ही नवीन सेटिंगची सुरुवात करतो. दुसरं म्हणजे बेअरिंग कॅप. बेअरिंग धरून ठेवणाऱ्या या कॅप हाउसिंगवर (एक्सलचं बाहेरचं कवच) बसवूनच कंपनीत बोअर केलेल्या असतात, डावी डावीकडंच आणि उजवी उजवीकडंच बसली पाहिजे, तीपण उलटी न करता. आम्ही खोलताना पंचने खूण करतो, गोणीत खूण नव्हती.

आणि तिसरं, जे लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे जुनं ऑइल. एक्सलला काय झालंय ते निम्मं त्या ऑइलमध्येच लिहिलेलं असतं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काळपट-करडी पेस्ट असली तर काळजी नाही, ती प्रत्येक गाडीत असते. चमकणारी पापडी निघाली तर बेअरिंग गेलं असं समजायचं. बोटाला टोचणारा जाड तुकडा लागला तर दात तुटलाय, आता गाडी चालवू नका, टो करून आणा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. हे सगळं डिझेलने धुवून टाकलं की आम्ही चाचपडत बसतो. म्हणून हात जोडून विनंती, गाडी आहे तशी आणा, ऑइलसकट, चिखलासकट आणली तरी चालेल, आम्ही धुवू.

आता मूळ प्रश्न. आमचा हिशोब हाउसिंगवरून चालतो. आतलं सगळं बदलता येतं, बेअरिंग, सील, क्राऊन-पिनियन, स्टार पिनियन (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गिअर), थ्रस्ट वॉशर, एक्सल शाफ्टसुद्धा, पण हाउसिंग वाकलं असेल तर आत सोनं भरलं तरी सहा महिन्यात परत येणार. एकाच बाजूचं सील सारखं गळतंय, तीनदा बदललं तरी गळतंय, मागचा टायर आतल्या बाजूनेच खातोय, शाफ्ट ओढताना अडकतोय, असं काही असेल तर सील आणि टायरच्या मागं लागू नका, हाउसिंग बघा.

हे घरीपण बघता येतं. सपाट फरशीवर गाडी लावा, मागच्या दोन्ही टायरच्या बरोबर मधोमध खडूने खूण करा, खुणा पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर आणून दोघांतलं अंतर टेपने मोजा, मग गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा म्हणजे त्याच खुणा मागं येतील, परत मोजा. दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं चालतं, त्यात टेपचीपण चूक असते. त्याहून जास्त फरक आला तर हाउसिंग आडवं वाकलंय. उभं वाकलंय का ते गवंड्याच्या ओळंब्याने बघायचं, रिमच्या बाहेरच्या कडेजवळ सोडा आणि वरचं आणि खालचं अंतर बघा. उडी मारलेल्या किंवा ओव्हरलोड उसाच्या वाहतुकीतल्या गाडीत चाकं बऱ्याचदा वरच्या बाजूने आत झुकलेली दिसतात.

स्प्रिंगच्या पाट्यांच्या बुडाजवळ, म्हणजे यू-बोल्ट बसतात तिथं हाउसिंगला भेग असेल तर आम्ही वेल्डिंग करून देत नाही. दुसरीकडं करून देतात हे माहितीय आणि आम्हाला त्यावरून बोलणीपण खावी लागतात. पण सगळा भार तिथंच येतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने हाउसिंगची नळी परत ओढली जाते. भरलेली गाडी यवतेश्वरचा घाट उतरत असताना ते सुटलं तर? म्हणून अशा वेळी आम्ही दुसरं हाउसिंगच सांगतो, आणि तुमचं आतलं सामान चांगलं असेल तर तेच त्यात बसवून देतो, अख्खी असेंब्ली (आतल्या सामानासकट पूर्ण एक्सल) घ्यायला लावत नाही.

हाउसिंग सरळ असेल तर आमचं मत बहुतेक वेळा दुरुस्तीकडंच असतं. आवाज ऐकूनच थोडा अंदाज येतो: रेस देताना वेगळा आणि सोडल्यावर वेगळा कण्हत असेल तर क्राऊन-पिनियन, वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर असेल तर बेअरिंग, फक्त वळणावर कटकट असेल तर स्टार पिनियन. क्लच सोडताना एकदाच ठक्क वाजत असेल तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून एक्सलला फिरवणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे सांधे, बघा, एक्सल खोलायला आलेल्या काही गाड्या आम्ही नुसता क्रॉस बदलून परत पाठवल्यात. क्राऊन आणि पिनियन कायम जोडीनेच बदलायचे, कंपनीत ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोन्हीवर एकच नंबर असतो. नुसतं पिनियन बदलून पैसे वाचत नाहीत, दोन महिन्यात दोन्ही जातात. सेटिंग आम्ही डायल गेजवर (बारीक अंतर मोजायचं घड्याळ) करतो, दातांना रंग लावून ठसा बघतो आणि त्याचा फोटो तुम्हाला पाठवतो. हाताने हलवून "बसलंय" म्हणायची पद्धत आमच्याकडं नाही, दिवस जास्त लागतो तो याच्यासाठी.

भंगारातून असेंब्ली आणणार असाल तर आणा, आम्ही बसवून देऊ, पण खोलून बघितल्याशिवाय नाही. फोर बाय फोरला पुढचा-मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलरचे किती फेरे) एकच लागतो आणि बाहेरून तो कळत नाही. जुन्या विलीज जीपांचंच बघा, युद्धातल्या गाडीला क्राऊनच्या 39 दातांना पिनियनचे 8 दात म्हणजे 4.88, नंतरच्या सीजे-2ए ला 43 ला 8 म्हणजे 5.38. मागं एक आणि पुढं दुसरा बसला की फोर बाय फोर टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) जाते. आणायच्या आधी दोन्ही चाकं एकाच दिशेला बरोबर एक फेरा फिरवा आणि प्रॉपेलरचे किती फेरे झाले ते मोजा, तोच रेशो.

पाण्यातून जाणाऱ्यांसाठी एकच. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (एक्सलमधली हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड) चिखलाने बुजला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर दर सर्व्हिसला फुंकून बघा. पाईप लावून वर चेसिसपर्यंत न्यायचं काम अर्ध्या तासाचं आहे, एक्सल आमच्याकडं केला तर त्यातच करून देतो.

तपासणीचा चार्ज आम्ही घेतो, काम आमच्याकडं केलं तर बिलातून वजा होतो. तुम्ही आणलेल्या सामानाची गॅरंटी देत नाही, फक्त फिटिंगची देतो. बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवलेले असतील, घरी जाऊन बघा, मॅग्नेटवरचा चुरापण पुडीत बांधून दिलेला असतो. मे महिन्यात लाईन लागते, पावसाळ्याआधी करायचं असेल तर एप्रिलमध्येच फोन करून दिवस घ्या, आणि गाडी चालत असेल तर चालवतच आणा, आवाज आम्हालापण ऐकायचाय.