सीटवरून पडलं म्हणून हेल्मेट बाद होत नाही

कॉलेज रोडवर सीटवरून हेल्मेट घरंगळलं की सोबतचा म्हणतोच, "गेलं, आता नवीन घे." दुकानदारांच्या सोयीचा समज! धक्का शोषतो तो आतला थर्माकोलचा थर, आणि तो चेपायला आत डोक्याचं चार-पाच किलो वजन हवं. रिकामं हेल्मेट जेमतेम दीड किलोचं. बहुधा रंगच खरवडतो. तरी अस्तर काढून बघा. तडा किंवा खळगा दिसला तर बाद.

डोक्यावर असताना आपटलं, किंवा धावत्या गाडीवरून मुंबई नाक्यावर उडालं, तर कितीही चकाचक दिसो, बदलाच. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. आणि आरशाला हेल्मेट टांगणं सोडा, त्यानेही खळगा पडतो. नवीन घेताना आयएस 4151 चा, म्हणजे दुचाकीच्या हेल्मेटसाठीच्या भारतीय मानकाचा, आयएसआय शिक्का पाहा.