इंडियन सुपर लीग, २०२०–२१

इंडियन सुपर लीग, २०२०–२१ : भारतातील पुरुषांच्या सर्वोच्च फुटबॉल साखळीचा सातवा हंगाम. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात तो संपूर्णपणे गोव्यात, कोविडमुळे प्रेक्षकांविना झाला. साखळीत पहिला आल्याबद्दलची ढाल आणि अंतिम सामन्याचा करंडक, दोन्ही मुंबई सिटी एफसीने पटकावले. ढाल आदल्याच हंगामापासून सुरू झाली होती. एकाच हंगामात दोन्ही जिंकणारा हा पहिला संघ. मराठवाड्याचा संघ या स्पर्धेत नव्हता, त्याआधीही कधी नव्हता. त्यामुळे इथल्या चाहत्याला आपला संघ बाहेरूनच निवडावा लागतो.

या वेळी संघ ११ झाले. कोलकात्याचा एटीके संघ मोहन बागानमध्ये विलीन झाला आणि पाठोपाठ ईस्ट बंगालही आला. मडगावचे फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीनच ठिकाणी सामने झाले. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे २० सामने; पहिले चार उपांत्य फेरीत. तळाच्या संघाला खालच्या साखळीत ढकलण्याची पद्धत नव्हती.

मराठवाड्यातून पाहताना ही साखळी तेव्हा दोन दिशांना ओढत होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्याला जोडला गेला. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या दुप्पट लांब. त्यामुळे राज्याची राजधानी म्हणून मुंबई आणि जुन्या वहिवाटीने हैदराबाद, असे दोन्ही संघ इथे हक्काने ‘आपले’ म्हणता येत होते. त्यात पुण्याची सल वेगळीच. बीड-लातूरकडून शिकायला गेलेल्या पोरांना बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे सामने समोर बसून पाहता येत. २०१९ मध्ये तो संघ बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. म्हणजे पुण्याची जागा गेली ती नेमकी निजामाच्या राजधानीकडे!

बहुतेक सामने संध्याकाळी साडेसातला असत. जानेवारीत ही वेळ शेतावर हुरड्याची. आगटीत कणसे भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे, आणि शेजारी पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलवर बांबोळीचा सामना. रेंज गेली की पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचे आणि ते थांबेपर्यंत तिकडे गोलही होऊन गेलेला असायचा. एरवी मुंबईचा घरचा सामना पाहायचा तर रात्रभर रेल्वेत काढून अंधेरी गाठावी लागते. या हंगामात मात्र अंधेरीत मैदानाशेजारी राहणाऱ्यालाही मोबाइलच उघडावा लागला. एवढी बरोबरी मराठवाड्याच्या वाट्याला क्वचितच येते.

प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या मुंबईची सुरुवात नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०–१ अशा पराभवाने झाली. पुढचे १२ सामने संघ हरला नाही. ती मालिकाही नॉर्थईस्टनेच तोडली. फेब्रुवारीत बंगळुरू आणि जमशेदपूरकडून लागोपाठ हार झाली, तेव्हा हातातली ढाल निसटणार असे दिसू लागले. २४ फेब्रुवारीला ओडिशाचा ६–१ धुव्वा उडवून संघ सावरला. बिपिन सिंगने त्यात हॅटट्रिक केली.

मग आला २८ फेब्रुवारीचा रविवार. त्या एकाच संध्याकाळी मुंबई आणि हैदराबाद, दोघांचाही निकाल लागायचा होता. हैदराबादला पहिल्या चारांत यायचे तर गोव्याला हरवणेच भाग होते. सामना ०–० सुटला आणि गोवा ३१ गुणांवर आत गेला, हैदराबाद २९ गुणांवर पाचव्या जागी अडकला. २० पैकी ११ सामने बरोबरीत सोडवणाऱ्या संघाने आणखी कशाची अपेक्षा ठेवायची? तरी आदल्या हंगामात तळाला असलेल्या हैदराबादला प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी इथवर आणले, आणि तेही आकाश मिश्रा, लिस्टन कोलासो यांच्यासारख्या तरुण भारतीय खेळाडूंवर विसंबून. दुसऱ्या सामन्यात मुंबईविरुद्ध मोहन बागानला ढालीसाठी नुसती बरोबरी पुरे होती. मुंबईच्या मुर्तदा फॉलने सातव्याच मिनिटाला गोल केला, ओग्बेचेने दुसरा, आणि मुंबई २–० जिंकली. दोघांचे गुण ४०. आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले असल्याने ढाल तिची.

उपांत्य फेरीत गोव्याविरुद्ध दोन सामन्यांत मिळून २–२ अशी कोंडी झाली आणि मुंबई पेनल्टींवर ६–५ अशी सुटली. दुसरीकडे नॉर्थईस्टला मोहन बागानने रोखले. नॉर्थईस्टची सूत्रे हंगामाच्या मध्यात हाती घेतलेले खालिद जमील हे इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत संघ नेणारे पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. सर्वाधिक १४ गोल गोव्याचा इगोर अँगुलो आणि मोहन बागानचा रॉय कृष्णा यांच्या नावावर आहेत. कमी मिनिटांत केल्यामुळे बक्षीस अँगुलोला मिळाले.

अंतिम सामना शनिवारी, १३ मार्चला फातोर्ड्यात झाला. औरंगाबादेत तेव्हा रुग्णवाढीमुळे शनिवार-रविवारची कडक टाळेबंदी होती, त्यामुळे घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता. १८व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने मोहन बागानला पुढे नेले. २९व्या मिनिटाला लांबून आलेला चेंडू मोहन बागानच्याच टिरीने डोक्याने मागे ढकलला आणि तो स्वतःच्याच गोलजाळ्यात गेला. मध्यंतराआधी मुंबईकर अमेय रानवडे टकरीत बेशुद्ध पडला. त्याला रुग्णवाहिकेतून नेले जाताना रिकाम्या मैदानात फक्त खेळाडूंचे आवाज ऐकू येत होते. सुदैवाने तो सावरला. ९०व्या मिनिटाला मोहन बागानचा, हंगामभर उत्तम खेळलेला, सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळवणारा अरिंदम भट्टाचार्य पुढे आला आणि चेंडू नीट काढू शकला नाही. ओग्बेचेने तो हिसकावून बिपिनकडे दिला. २–१.

पुढचा हंगामही गोव्यातच झाला. २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्यात हैदराबादने केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून करंडक नेला. तेव्हा फातोर्ड्यात प्रेक्षक परतले होते.