परदेशात इंग्रजी शिकवण्याची पहिली नोकरी: एजंट कसा तपासावा, कागद कसे जमवावेत, सही कधी करावी

दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या माणसाचा पासपोर्ट 'ईसीएनआर' प्रकारात येतो, म्हणजे नोकरीसाठी देश सोडताना त्याला सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. दहावी न झालेला कामगार आखातात निघाला की त्याचा करार 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या ऑफिसातून जातो. पगार किती, राहायची सोय काय, परतीचं तिकीट कोण देणार, हे तिथे कुणीतरी बघतं. एम.ए., बी.एड. झालेल्या शिक्षकाचा करार मात्र कुठलंच सरकारी ऑफिस उघडून बघत नाही. ते काम तुम्हालाच करायचं आहे, आणि या लेखातला प्रत्येक मुद्दा त्यासाठीच आहे.

आधी पात्रता, मग एजंट

मुंबईतले बरेच उमेदवार उलट्या क्रमाने जातात. आधी एजंटकडे फाइल देतात आणि त्याने सांगितलेला देश स्वीकारतात. खरं तर कुठला देश तुम्हाला घेऊ शकतो हे तुमचा पासपोर्ट आणि तुमचं शिक्षण ठरवतं. एजंटच्या हातात ते नसतं.

दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे (सेपा) भारतीय शिक्षकांना शाळांमध्ये सहायक म्हणून एक वाट आहे, पण ती अरुंद आहे आणि त्यासाठी शिक्षक असल्याची रीतसर पात्रता लागते. चीनचा नियम असा की जी भाषा शिकवायची ती शिक्षकाची मातृभाषा असावी आणि तो त्या भाषेच्या देशाचा असावा. तेव्हा 'कोरिया-चीन, फक्त स्पोकन इंग्लिश हवं' अशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा. 'आधी बिझनेस व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ' हे वाक्य तर फार महागात पडतं. चीनमध्ये परवान्याशिवाय काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीही होते. पकडला जातो तो शिक्षक. एजंट इकडे मुंबईत असतो.

जपानमध्ये पासपोर्टचं असं बंधन नाही, पण शाळेत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. इथे मराठी माध्यमवाल्यांनी कागदावर हिशेब करून बघावा. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर अकरावी-बारावीची २, पदवीची ३, बी.एड.ची २ आणि एम.ए.ची २, अशी सगळी मिळून ९ वर्षं होतात. कमतरता हुशारीची नाही, फक्त मोजणीची आहे. पण व्हिसा मोजणीवरच मिळतो. सेमी-इंग्रजीची वर्षं धरली जातील असं गृहीत धरू नका. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असेल तर शाळा आणि ज्युनिअर कॉलेज, दोन्हींकडून माध्यमाचा दाखला आजच मागून ठेवा. शाळा बंद झाली किंवा ट्रस्ट बदलला की हा साधा कागद मिळवायलाही दमछाक होते.

थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भारतीयांना वाव आहे. दोन्हीकडे पदवी लागते. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून इंग्रजी परीक्षेचे गुण मागतात. थायलंडमध्ये टोइकचे ६०० गुण ही नेहमीची अट आहे. व्हिएतनाममध्ये सोबत १२० तासांचं टेफल किंवा टेसॉल (म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचं) प्रमाणपत्र, पोलीस दाखला आणि वैद्यकीय तपासणी लागते. थायलंडच्या शाळेत शिकवायचं तर नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट, ही तिन्ही हवीत.

बी.एड. झालेल्या मुंबईकरासाठी सगळ्यात खात्रीची पहिली पायरी आखातातल्या सीबीएसई शाळा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे भारतीय शिक्षक अपवाद नसतो, अर्धी स्टाफरूम आपलीच असते, आणि इंग्रजीच्या शिक्षकाला 'तुम्ही नेटिव्ह नाही' हे ऐकावं लागत नाही. मालदीवमध्येही भारतीय शिक्षक बऱ्याच वर्षांपासून जात आले आहेत. अमेरिकेचा जे-१ शिक्षक व्हिसा मात्र पहिल्या नोकरीसाठी नाही, त्याला पूर्णवेळ शिकवण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो.

एजंटचा नंबर वाचायला शिका

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, असलंच पाहिजे. दुकानाचा परवाना, जीएसटी क्रमांक, आयएसओचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, भिंतीवरचे नेत्यांसोबतचे फोटो, यातलं काहीही आरसीची जागा घेत नाही. 'आम्ही कन्सल्टन्सी आहोत, एजन्सी नाही' म्हणून कोणी पैसे घेऊन परदेशी नोकरी लावत असेल, तर त्यालाही आरसी लागते.

आरसी क्रमांक साधारणपणे 'बी'ने सुरू होतो. मग शहर, संस्था कंपनी आहे की भागीदारी की वैयक्तिक ते, किती लोक पाठवायची परवानगी आहे तो आकडा, आणि शेवटी वर्ष. हा क्रमांक जाहिरातीत छापलेला असायला हवा. तो घेऊन परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटांच्या यादीत शोधा. फक्त नाव सापडलं म्हणून समाधान मानू नका, तीन गोष्टी जुळवा. पहिली, नोंदणी चालू आहे की निलंबित, रद्द किंवा मुदत संपलेली. दुसरी, पोर्टलवरचा पत्ता आणि तुम्ही बसला आहात ते ऑफिस एकच आहे का. तिसरी, पैसे ज्या खात्यात मागतायत ते खातं त्याच नावाचं आहे का.

फसवणूक बहुतेक दुसऱ्या मुद्द्यावर होते. आरसी खरी असते, पण ती अंधेरीतल्या भलत्याच एजन्सीची. तुमच्यासमोर बसलेला माणूस त्यांचा 'सब-एजंट' म्हणवतो आणि व्हॉट्सअॅपवर प्रमाणपत्राचा फोटो पाठवतो. त्या फोटोवरच्या पत्त्यावर स्वतः जाऊन या. लोकलचा एक फेरा वाया गेला तरी चालेल. ती एजन्सी 'हा आमचा माणूस नाही' म्हणाली तर प्रश्न तिथेच मिटला.

परदेशात बसून ऑनलाइन मुलाखती घेणाऱ्या रिक्रूटरची नोंद या यादीत सापडणार नाही. तो खोटाच असेल असं नाही, पण त्याच्या बाबतीत आपला कायदा तुमच्या पाठीशी उभा राहू शकत नाही. अशा वेळी शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून फोन किंवा ईमेल काढा आणि शाळेलाच विचारा की ही जागा आहे का आणि हा माणूस तुमच्यासाठी भरती करतो का. रिक्रूटरने दिलेल्या नंबरवर फोन करून ही खात्री होत नाही.

पैसे

नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. फाइल चार्ज, प्रोसेसिंग, सिक्युरिटी डिपॉझिट अशी नावं बदलून ही मर्यादा ओलांडता येत नाही. इंग्रजी शिक्षकांच्या भरतीत अनेक रिक्रूटर उमेदवाराकडून एक पैसाही घेत नाहीत, त्यांना शाळा मोबदला देते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, 'तुम्हाला शाळा पैसे देते का?' सरळ उत्तर आलं नाही तर उठा. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकताच येत नाही, तेव्हा दुबईच्या शाळेचा 'व्हिसा खर्च' मुंबईत तुमच्याकडे मागणं चूकच.

टेफलचा कोर्स आणि नोकरी एकाच पॅकेजमध्ये विकली जाते तिथेही सावध राहा. प्रमाणपत्रावर तास किती आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवणं किती, हे बघा. केंब्रिजच्या सेल्टामध्ये किमान १२० तासांच्या कोर्समध्ये ६ तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून ते बघतात. नुसते व्हिडिओ बघून मिळालेलं १२० तासांचं प्रमाणपत्र व्हिसाच्या फाइलमध्ये चालून जाईल, पण चाळीस मुलांच्या वर्गात ते उपयोगी पडत नाही.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या मार्कशीट, बी.एड., अनुभवाचे दाखले, जन्मदाखला, फोटो, ही यादी सगळ्यांना माहीत असते. फाइल अडते ती नावावर.

आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आईचंही. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत. परदेशातला कारकून पदवीवरचा पहिला शब्द 'फर्स्ट नेम' धरतो आणि दोन वेगळी माणसं समजतो. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचं तर आणखी अवघड होतं. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, अनुभवाचा दाखला तिसऱ्याच स्पेलिंगने. एजंट 'एक अॅफिडेव्हिट करून टाका' म्हणतो. स्पेलिंगच्या बारीक फरकाला प्रतिज्ञापत्र पुष्कळदा चालतं, पण पूर्ण नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद, म्हणजेच गॅझेट, हाताशी हवं. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. नोकरी शोधायच्या आधीच तो करा, ऑफर हातात आल्यावर तेवढा वेळ नसतो.

पदवी प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. केलं असेल तर शिक्के आणि स्टिकर लावायला जागा राहत नाही, आणि विद्यापीठातून दुसरी प्रत काढावी लागते. पदवीदान समारंभ झालेला नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र बहुतेक देशांत चालत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या परीक्षा विभागात मूळ पदवीची चौकशी आधी करा.

प्रमाणीकरणाचा क्रम असा: विद्यापीठाची पडताळणी, मग राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय. त्यापुढे रस्ता देशानुसार फुटतो. जपान, कोरिया, ओमान, बहारीन, सौदी अरेबिया हे अपोस्टिल करारातले देश आहेत (अपोस्टिल म्हणजे करारातले सगळे देश मान्य करतात असा एकच शिक्का), तिथे मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. भारत या करारात २००५ पासून आहे. अमिराती, कतार, कुवेतसाठी मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. थायलंड किंवा व्हिएतनामसाठी नेमकं काय हवं, ते शाळेकडून लेखी घ्या. मंत्रालयाची अपोस्टिलची फी एका कागदाला ५० रुपये आहे, वर अधिकृत संकलन केंद्राचं थोडं शुल्क. हजारोंचं बिल येतं ते मधल्या माणसांच्या धावपळीचं, म्हणून त्याचा तपशील मागा. स्वस्तात करणारे कधीकधी शिक्षण खातं टाळून नोटरी आणि एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) शिक्क्यावर भागवतात. पदवीवर शिक्षण खात्याचाच शिक्का मागणारी वकिलात ती फाइल परत करते, आणि सगळं पहिल्यापासून.

ऑफर येण्याआधी प्रमाणीकरण करू नका, कारण देश बदलला की शिक्केही बदलतात. पोलीस क्लिअरन्सचंही तसंच. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपयांत मिळतो, पण सहा महिन्यांपेक्षा जुना बहुतेक ठिकाणी चालत नाही. आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचे गुण दोन वर्षं धरले जातात.

मूळ पदवी एजंटच्या ताब्यात ठेवायची वेळ आलीच तर तारीख, कागदांची यादी आणि परत देण्याची मुदत लिहिलेली पोच घ्या. पासपोर्ट फक्त व्हिसाच्या कामापुरता द्या.

करार

ऑफर लेटर आणि करार हे दोन वेगळे कागद आहेत. ऑफर लेटरवर राजीनामा देऊ नका. करारात पगार त्या देशाच्या चलनात, मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहिलेले असावेत. अमिराती, कतारसारख्या देशांत सेवा संपल्यावरची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते, म्हणून मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे असतील तर तुमचं नुकसान. 'आठवड्याला २५ तास' म्हणजे वर्गातले तास की शाळेत हजर राहायचे, ते विचारा. व्हिएतनामच्या भाषा केंद्रांत पगार बऱ्याचदा तासावर असतो आणि वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरतात. तिथे किमान किती तासांची हमी आहे, हा आकडा करारात नसेल तर सुट्टीच्या महिन्यात भाडं खिशातून जातं. मध्येच सोडल्यास दंड किती, नोटीस किती, तिकीट कोणाचं, हेही वाचा.

विमानात बसण्याआधी व्हिसावरचा प्रकार स्वतः वाचा. टुरिस्ट किंवा व्हिजिट असेल तर जाऊ नका. २४ सप्टेंबर २०२२ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या खोट्या नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. चांगल्या पगाराच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तिथून बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये डांबलं जात होतं. बँकॉकला उतरल्यावर 'शाळा दुसऱ्या शहरात आहे, गाडी येईल' असं कळलं आणि करारातला पत्ता वेगळा असेल, तर गाडीत बसू नका, भारतीय दूतावासाला फोन करा. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या ईसीएनआर धारकांना ई-मायग्रेटवर ऐच्छिक नोंदणी करता येते. जरूर करा. अडचणीत तुम्ही कुठे आणि कोणाकडे आहात हे सरकारी नोंदीत असतं.

काही बिघडलं तर

मुंबईतल्या एजंटविरुद्ध तक्रार ई-मायग्रेटवर किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे करता येते. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११-३०९०. परदेशात पोचल्यावर तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांतच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा, खातं गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते. तक्रारीला पावती, खात्याचा उतारा, संदेश आणि मूळ जाहिरात जोडावी लागते. यातली जाहिरात सगळ्यात आधी गायब होते, म्हणून ती दिसली त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा.