सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी: बिलातल्या दोन वेगळ्या ओळी

सोसायटीच्या मासिक बिलात सेवाशुल्क, पाणीपट्टी यांच्याखाली दोन लहान रकमा असतात: दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड. घरोघरी दोन्हींना ‘मेन्टेनन्स’च म्हणतात. मग वार्षिक सभेत कुणीतरी सुचवतं, “रंगकाम सिंकिंग फंडातून करून टाकू, पैसे नुसते पडून आहेत.” आमच्या इमारतीत हेच झालं. सहा वर्षांनी पार्किंगमधल्या कॉलमांचं काँक्रीट सुटून सळया दिसू लागल्या, तेव्हा फंडात फारसं काही उरलं नव्हतं. प्रत्येक घरावर एकरकमी मोठी वर्गणी बसली. पेन्शनवर जगणाऱ्या शेजारच्या काकांना त्यासाठी ठेव मोडावी लागली, ते मला अजून सलतं.

दुरुस्ती निधी नेहमीच्या झिजेसाठी असतो. गळती, पंप, ड्रेनेजचा पाइप, जिन्यातलं प्लास्टर, आणि रंगसुद्धा. तो खर्च व्हायलाच हवा. सिंकिंग फंड मात्र इमारतीच्या म्हातारपणाची पुंजी आहे: पुनर्बांधणी, सांगाडा मजबूत करण्याची कामं, किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेली मोठी दुरुस्ती. त्याला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. कमिटीने परस्पर ठरवून चालत नाही.

महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, दुरुस्ती निधी वर्षाला प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. आपण फ्लॅट किती लाखांना घेतला याच्याशी या टक्क्यांचा संबंध नाही. सिंकिंग फंडासाठी जमिनीचा वाटा वगळून फक्त बांधकामाचा खर्च धरतात. तो १२ लाख असेल, तर दुरुस्तीचे महिन्याला ७५० रुपये आणि सिंकिंगचे २५०.

खरी अडचण जुन्या इमारतींत आहे. १९९० च्या सुमारास एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २ लाख धरला असेल, तर किमान दराने सिंकिंग फंड वर्षाला अवघे ५०० रुपये. चाळीस घरांचे मिळून २० हजार. एवढ्यात आज गच्चीच्या एका कोपऱ्याचं वॉटरप्रूफिंगही धड होणार नाही. पण ०.२५ ही खालची मर्यादा आहे. सर्वसाधारण सभा दर वाढवू शकते, आणि माझ्या मते पंधरा वर्षांपुढच्या प्रत्येक इमारतीने तो वाढवावा. उपविधींप्रमाणे याच वयापासून दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञांकडून तपासणी, करायचं असतं, तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. दर किती हवा, याचा अंदाज त्या अहवालातून येतो.

फ्लॅट विकताना “माझा सिंकिंग फंड परत द्या” अशी मागणी होते. ती रक्कम परत मिळत नाही. पैसा सोसायटीचा, इमारतीसाठी साठवलेला. म्हणून घर घेणाऱ्यानेच आधी ताळेबंद मागून बघावा. देयतांच्या बाजूला सिंकिंग फंडापुढे जो आकडा आहे, साधारण तेवढीच रक्कम मालमत्तेच्या बाजूला मुदत ठेवींत गुंतवलेली दिसायला हवी. देयतांत १२ लाख आणि ठेवी ३ लाखांच्या असतील, तर उरलेले ९ लाख कशात गेले आणि त्याचा ठराव कुठल्या सभेत झाला, हे टोकन देण्याआधी सेक्रेटरींना विचारा.