काळ्या मातीत वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते का?

परसात गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा) करायचा म्हटलं की एक सल्ला हमखास येतो: चिकट काळ्या मातीत दोन पाट्या वाळू टाका, माती मोकळी होईल. वाळू स्वतः मोकळी असते, म्हणून हे पटतंही.

पण काळ्या मातीत भरपूर असलेल्या चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असतो. थोड्याशा वाळूच्या दाण्यांमधल्या फटी तो भरून टाकतो आणि वाळल्यावर ढेकूळ घट्टच राहतं. फरक दिसायला निम्म्याच्या आसपास वाळू लागेल. मग काळ्या मातीची पाणी आणि अन्न धरून ठेवायची ताकदच आपण घालवून बसतो.

मोकळेपणा येतो तो चांगल्या कुजलेल्या शेणखताने किंवा पालापाचोळ्याच्या खताने. त्याने कण एकत्र येऊन माती रवाळ होते, मधून हवा-पाणी खेळतं.

घरी करून बघा. त्याच मातीचे लिंबाएवढे दोन गोळे घ्या. एकात चिमूटभर वाळू, दुसऱ्यात भरपूर शेणखत मळा. उन्हात खडखडीत वाळवा आणि बोटांनी चुरडा. खताचा गोळा लवकर भुगा होतो.

वाफा वीतभर उंच ठेवा, आणि माती ओली चिक्क असताना खणू नका, वापसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी होऊ द्या.