रिलीव्हर आल्याशिवाय: अंतराळ स्थानकावरच्या 'मोहिमां'ची पार्श्वभूमी

१५ जुलै २०२५ ला दुपारी तीनच्या सुमारास भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्लांचं यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून परतून पॅसिफिकमध्ये उतरलं, तेव्हा ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत टीव्हीसमोर बसलेल्या एका सातवीतल्या मुलीने विचारलं, "म्हणजे आता स्टेशन रिकामं?" प्रश्न रास्त होता. सकाळपासून सगळ्या वाहिन्यांवर 'मोहीम फत्ते' चाललं होतं, आणि मोहीम म्हटली की आपल्या डोळ्यासमोर येते ती दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघणारी आणि पावसाळ्याच्या आत परतणारी फौज. फौज परतली की मागे छावणी कशाला राहील?

उत्तर दिलं शेजारच्या काकांनी. रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी तीसेक वर्षं पाळ्या केल्या आहेत. "रिकामं कसं होईल गं? रिलीव्हर आल्याशिवाय प्लांट सोडत नाहीत."

रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीत आपली जागा घेणारा माणूस. काकांनी अंदाजाने मारलेला हा दगड नेमका लागला. त्या दिवसांत स्थानकावर अकरा माणसं होती. शुक्लांसह चौघं निघाले, सात जण तिथेच राहिले. हे सात म्हणजे 'एक्सपिडिशन ७३', त्र्याहत्तरावी मोहीम. शुक्ला त्या सातांत धरले जात नव्हते. वर ते जेमतेम १८ दिवस राहिले. मूग आणि मेथीला मोड आणण्यापासून सूक्ष्मशैवालापर्यंत सात भारतीय प्रयोग त्यांनी हाताळले, तरी नोंदीपुरते ते 'ॲक्सियम-४' या खासगी उड्डाणाचे पाहुणेच. आपल्याकडे दोन्हींना मोहीमच म्हणतात, आणि गोंधळ होतो तो तिथेच. स्थानकावरची मोहीम ही खरं तर पाळी आहे. जुन्या पाळीची माणसं घेऊन रशियाचं सोयूझ यान स्थानकापासून सुटलं, की त्या क्षणी पुढचा क्रमांक लागू होतो. हा क्रमांक २००० सालापासून एकेक करत पुढे सरकतो आहे.

इथवर यायला तीस वर्षं लागली, आणि त्या गोष्टीचं मूळ आहे दारांच्या संख्येत.

जगातलं पहिलं स्थानक, सोव्हिएत संघाचं सॅल्यूत-१, १९ एप्रिल १९७१ ला वर गेलं. (नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली ती त्याच्या आदल्याच वर्षी. खाडीच्या दोन्ही बाजूंना तेव्हा मिठागरं आणि भातखाचरं.) सॅल्यूतला यान जोडायला दार एकच होतं. सोबत नेलं तेवढंच अन्न, तेवढंच पाणी. माणसं आत असताना त्याच दाराला त्यांचं यान लागलेलं, म्हणजे दुसरं कोणी येणं अशक्य. पहिलं पथक जोडणी नीट न झाल्याने आत न जाताच परतलं. दुसऱ्या पथकातले दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव २३ दिवस राहून जूनअखेरीस निघाले. उतरताना यानाची एक झडप वेळेआधी उघडली, आतली हवा निघून गेली आणि तिघंही गेले. दाटीमुळे त्यांना दाबपोशाख दिलेले नव्हते. त्यानंतर सोयूझमध्ये पोशाख सक्तीचे झाले, त्यासाठी तिसऱ्या माणसाची जागा काढून टाकावी लागली आणि पुढची काही वर्षं दोघंच जात राहिले.

अमेरिकेचं स्कायलॅब १९७३ मध्ये गेलं. तीन पथकं २८, ५९ आणि ८४ दिवस राहिली. पण एक पथक परतल्यावर मधे स्थानक रिकामं, मग पुढचं पथक, असा तो हिशेब होता. आमच्या आईवडिलांच्या पिढीला विचाराल तर स्कायलॅब आठवतं ते वर गेलं म्हणून नाही, पडणार होतं म्हणून. जुलै १९७९ मध्ये ते कुठे पडेल याच्या चर्चा घरोघर होत्या. पडलं ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात.

खरा बदल सप्टेंबर १९७७ च्या सॅल्यूत-६ ने आणला. त्याला दोन दारं होती, पुढे एक, मागे एक. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट, पण तिने सगळं गणित पालटलं. जानेवारी १९७८ मध्ये एका दाराला माणसांचं यान लागलेलं असताना दुसऱ्या दाराला 'प्रोग्रेस' हे विनामाणूस मालवाहू यान येऊन लागलं, इंधन आणि रसद घेऊन. त्याच महिन्यात आणखी एक प्रकार पहिल्यांदा झाला: दोन पाहुणे नवं यान घेऊन आले आणि आधीच्या पथकाचं जुनं यान घेऊन परतले. राहत्या दोघांसाठी ताजं यान मागे राहिलं.

ही अदलाबदल कशासाठी? सोयूझच्या उतरणाऱ्या भागातली छोटी इंजिनं हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात, आणि ते साठवून ठेवलं की हळूहळू विघटित होत जातं. रासायनिक कारखान्यांच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. तेव्हा माणसं महिनोन्महिने वर ठेवायची तर त्यांची परतीची गाडी मधेच बदलून द्यायला हवी. गाडी पोचवायला कोणीतरी जाणारच, मग एखादी जागा मित्रदेशाच्या माणसाला का देऊ नये? मार्च १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक गेले, आणि मग रांगच लागली.

या रांगेत राकेश शर्मा येतात. ३ एप्रिल १९८४ ला ते सोयूझ टी-११ ने सॅल्यूत-७ या पुढच्या स्थानकावर गेले आणि आठेक दिवसांनी परतले ते सोयूझ टी-१० ने. जाताना एक गाडी, येताना दुसरी. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा तपशील क्वचितच येतो, पण उड्डाणाचं व्यावहारिक प्रयोजन त्यातून कळतं. वर किझिम, सोलोव्योव आणि डॉक्टर असलेले आत्कोव हे तिघं २३७ दिवसांची पाळी करत होते, आणि शर्मांचं पथक सोडून आलेल्या टी-११ मधूनच ते ऑक्टोबरमध्ये पृथ्वीवर उतरले. रशियन नोंदींत अशा दोन प्रकारांना वेगळी नावंच होती: 'मुख्य मोहीम' आणि 'भेटीची मोहीम'. आपले पहिले अंतराळवीर भेटीच्या मोहिमेचे. यात कमीपणा काही नाही. उलट त्यांची भेट झाली म्हणून मुख्य पाळी लांबू शकली.

ते तिघं ऑक्टोबर १९८४ मध्ये निघाले तेव्हा चार्ज, म्हणजे कामाचा ताबा, घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. स्थानक रिकामं राहिलं. फेब्रुवारी १९८५ मध्ये संपर्क तुटला. सौर तक्त्यांकडून बॅटऱ्या चार्ज होणं एका सेन्सरच्या दोषामुळे थांबलं होतं, आणि ते पाहून हाताने स्विच टाकायला आत माणूस नव्हता. स्थानक गोठलं. जूनमध्ये जानिबेकोव आणि साविनिख या मृत स्थानकापाशी गेले. तिकडून कसलाच सिग्नल नाही, त्यामुळे अंतर मोजत, खिडकीतून बघत त्यांनी यान हाताने जोडलं. आत पाणी गोठलेलं, अंगावर लोकरी टोप्या, श्वासाची वाफ समोर. त्यांनी बॅटऱ्या थेट सौर तक्त्यांना जोडल्या आणि ते धूड जिवंत केलं. राकेश शर्मांनी वर्षापूर्वी योगासनं केली होती ती याच जागी. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शटडाऊन सोपा असतो. स्टार्टअपला घाम फुटतो."

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवं पथक तिथे आलं. जानिबेकोव परतले, साविनिख थांबले, म्हणजे अर्धी पाळी बदलली. पूर्ण पथकाने पूर्ण पथकाकडे समोरासमोर चार्ज देणं हे झालं डिसेंबर १९८७ मध्ये, सोव्हिएत संघाच्या मीर स्थानकावर. कारखान्यात चार्ज म्हणजे नुसती लॉगबुकवरची सही नसते. कुठला व्हॉल्व्ह पास होतो (बंद असूनही गळतो), कुठल्या पंपाचा आवाज बदललाय, हे कागदावर येत नाही. बरोबर फिरून दाखवावं लागतं. मीरवरही हेच होतं. सप्टेंबर १९८९ ते ऑगस्ट १९९९ अशी जवळपास दहा वर्षं ते स्थानक सलग माणसांनी भरलेलं राहिलं.

त्यात एकाला मोठी डबल, म्हणजे सलग दोन पाळ्या, मारावी लागली. सर्गेई क्रिकालेव मे १९९१ मध्ये वर गेले. ऑक्टोबरमध्ये त्यांचा बदली माणूस यायचा होता, पण यानातल्या जागा एका कझाक आणि एका ऑस्ट्रियन अंतराळवीराला दिल्या गेल्या. क्रिकालेव थांबले. मधल्या काळात त्यांचा देशच उरला नाही. ३११ दिवसांनी, मार्च १९९२ मध्ये, सोव्हिएत संघातून गेलेला माणूस रशियाचा नागरिक म्हणून परतला.

हेच क्रिकालेव पुन्हा भेटतात आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या पहिल्या मोहिमेत. बिल शेपर्ड, युरी गिदझेन्को आणि ते, असे तिघं ३१ ऑक्टोबर २००० ला बैकोनूरहून निघाले आणि २ नोव्हेंबरला आत शिरले. दिवे लावणं, शौचालय चालू करणं, पाणी आणि हवा शुद्ध करणारी यंत्रं जागवणं, अशी अगदी नव्या घराची कामं. शेपर्ड नौदलातले. त्यांच्यामुळे स्थानकावर जहाजासारखी घंटा आली. येणाऱ्या-जाणाऱ्या पथकासाठी ती वाजवायची रीत पडली. त्या २ नोव्हेंबरपासून स्थानक एक दिवसही मोकळं राहिलेलं नाही.

राहिलं असतं, असा प्रसंग मात्र आला होता. १ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचं कोलंबिया हे शटल यान कोसळलं, कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. (ते उड्डाण स्थानकाकडचं नव्हतं, स्वतंत्र संशोधनाचं होतं, पुष्कळांची इथे गल्लत होते.) शटल बंद म्हणजे पाणी-रसदीचा मोठा ट्रक बंद. स्थानक सोडायचं नाही म्हणून पाळी तिघांवरून दोघांवर आणली. प्रयोग मागे पडले, देखभाल चालू राहिली. तिसरा माणूस पुन्हा मिळाला २००६ च्या जुलैत. २००९ पासून सहा, २०२० च्या अखेरीपासून सात.

सुनीता विल्यम्स या तिन्ही काळांत दिसतात. डिसेंबर २००६ मध्ये त्या चौदाव्या मोहिमेत रुजू झाल्या, २०१२ मध्ये तेहतिसावीच्या कमांडर होत्या. जून २०२४ मध्ये बोइंगच्या स्टारलायनर यानाच्या चाचणीसाठी आठेक दिवसांच्या बोलीवर गेल्या, आणि हीलियमची गळती, थ्रस्टरचे (यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनांचे) दोष यांमुळे यान सप्टेंबरमध्ये रिकामंच खाली आणलं गेलं. 'अडकल्या' हा शब्द आपल्याकडे नऊ महिने वाजत राहिला. मला तो पटत नाही. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला पाळीत घेतलं गेलं, असं म्हणणं जास्त बरोबर. बहात्तराव्या मोहिमेचं नेतृत्वही त्यांच्याकडे आलं. परतीची दोन आसनं सप्टेंबरअखेरपासून स्थानकाला लागलेल्या ड्रॅगन यानात मोकळी होती. तरी निघाल्या कधी, तर १६ मार्च २०२५ ला पुढचं पथक येऊन चार्ज घेतल्यावर. एकूण २८६ दिवस.

शुक्ला वर होते तेव्हा आमच्याकडे भर पावसाळा, आभाळात काही दिसण्याची सोय नव्हती. डिसेंबरमध्ये गच्चीवर जमलो. सूर्य मावळून तासभर झालेला, खाडीवर अंधार, आणि वायव्येकडून न लुकलुकणारा एक ठिपका वर चढला. साधारण ४०० किलोमीटर उंची, म्हणजे इथून कोल्हापूर गाठून जरासं पुढे, एवढंच अंतर. इथे अंधार पडला तरी तिथवर सूर्याचं ऊन पोचत असतं, म्हणून तो दिसतो. पाचेक मिनिटांत तो पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला. दीड तासात पृथ्वीची एक फेरी.

हे स्थानक २०३० च्या आसपास पाडायचं ठरलं आहे. त्याला खाली ढकलणारं खास यान बनवण्याचं कंत्राट जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं गेलं आहे. पॅसिफिकच्या निर्मनुष्य भागात ते उतरवलं जाईल. चीनचं तियांगोंग स्थानक जून २०२२ पासून अखंड पाळ्यांवर चालू आहे. भारताच्या स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, अशी योजना आहे. त्याआधी गगनयानाला माणसं नेऊन आणायची आहेत. आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावरची शेवटची पाळी ते खाली येण्याच्या काही महिने आधी निघेल, कोणाला चार्ज न देता.