उधईने नांगरलेलं रान

उधई म्हटलं की आपल्याकडे शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोमधल्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने मात्र तिलाच कामाला जुंपलं.

देशाच्या उत्तरेला वाहिगुया शहराजवळ त्यांचं गाव, गुर्गा. १९७० आणि ८०च्या दशकांत तिथे दुष्काळामागून दुष्काळ पडले. माणसं गाव सोडून गेली, झाडोरा संपला, जमीन उघडी पडली. उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब आदळला की मातीचे बारीक कण सुटतात आणि छिद्रं लिंपून टाकतात. वाळल्यावर वर खपली धरते, चोपून सारवलेल्या अंगणासारखी टणक. मग पुढचा पाऊस मुरतच नाही, वाहून जातो.

या खपलीत छोटे खड्डे घेऊन पेरायची तिथे जुनी रीत होती. त्यांना म्हणतात 'झाई'. याकुबांनी ते मोठे आणि खोल केले, त्यात शेणखत आणि पालापाचोळा घातला. तेही भर कोरड्या दिवसांत, पावसाच्या कितीतरी आधी. लोकांनी वेड्यात काढलं.

पण उधई येते ती त्याच दिवसांत. खत खाता खाता ती खपलीखाली बोगदे पाडते. पहिल्या पावसाचं पाणी वाहत येऊन खड्ड्यात साठतं आणि त्या बोगद्यांतून खोल उतरतं. जोडीला उताराला आडव्या रचलेल्या दगडांच्या ओळी, त्या पाण्याचा वेग मोडतात. जिथे गवत उगवत नव्हतं तिथे बाजरी आणि ज्वारी डोलू लागली.

खरी गंमत पुढेच आहे. शेणात झाडांचं बी असतं. साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, आपल्या आपट्याच्या जवळच्या नात्यातलं एक झुडूप आहे, तशीच जोडपानं. त्याच्या शेंगा गुरं आवडीने खातात आणि बी शेणातून बाहेर पडतं. अशा बियांची रोपं खड्ड्यात बाजरीच्या बरोबरीने वर येतात. खुरपताना ती उपटायची, हे कुठल्याही शेतकऱ्याच्या हाताला शिकवावं लागत नाही. याकुबांनी हात आवरला. मला विचाराल तर खड्ड्यांपेक्षा मोठा शोध हाच. कणसं खुडल्यावर ताटं गुडघाभर उभी ठेवली, तर त्यांच्या आडोशाने कोवळं रोप शेळ्यांच्या तोंडातून वाचतं.

अशी राखत, मधूनमधून स्वतः बी लावत, त्यांनी चाळीसएक हेक्टर जंगल उभं केलं. साठाहून जास्त जातींची झाडंझुडपं, त्यांतली बरीच औषधी. शेतकरी दुरून शिकायला येत, तेव्हा याकुबा त्यांना आपलं बियाणंही देत. २०१८ साली त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला, ज्याला 'पर्यायी नोबेल' म्हणतात.

तोवर वाहिगुया शहर वाढत जंगलापर्यंत पोहोचलं होतं. काही भाग शहराच्या विस्तारात गेला, झाडांच्या जागी घरं उठली. डिसेंबर २०२३ मध्ये याकुबा गेले. उरलेल्या रानात उधईचे बोगदे अजून आहेत, आणि पाणी त्यांतूनच खाली उतरतं.